खालच्या पट्टीतला आवाज

मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर प्लास्टरच्या धुळीत मान घालून बसणाऱ्या बाईला भास व्हायला फुरसत नसते, एवढं आधीच सांगते.

त्या शनिवारी मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेले होते. शेजारच्या दुकानात जुन्या रेकॉर्डी मांडलेल्या. त्यांत ती दिसली. गिटार-ड्रमच्या साथीवर जुनी लोकगीतं गाणाऱ्या चौघांची. कव्हरवर धुक्यातलं कुरण आणि पाठमोरे चौघे.

लहानपणी आमच्याकडे हीच होती. दादा आणि मी फरशीवर पालथं पडून ऐकायचो. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं नदीपार गेलेल्या माणसाचं. त्यात एकटी बाई गाते. तिच्या आवाजाखाली दादा आपला आवाज हलकेच सरकवायचा, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. मला वरचा सूर धरायला लावायचा. मी चुकले की हसायचा नाही, नुसता थांबायचा.

एकोणिसाव्या वर्षी दादा तापाने गेला. आईने रेकॉर्ड कुणाला तरी देऊन टाकली. याला तेहतीस वर्षं झाली.

ती विकत घेऊन घरी आले. घरी कुणी नव्हतं. नवरा नणंदेकडे गेला होता. पडदे ओढले, माळ्यावरचा जुना रेकॉर्ड प्लेअर काढून सुई टेकवली आणि या वयात फरशीवर आडवी झाले. जुन्या पुठ्ठ्याचा वास. पहिली बाजू जशीच्या तशी होती, माउथ ऑर्गन वाजवणाऱ्याने मध्येच घेतलेला श्वाससुद्धा. डोळे जड झाले. खोली पाण्याखाली गेल्यासारखी मऊ, हिरवट वाटायला लागली.

बाजू पलटली. तिसरं गाणं लागलं.

बाईच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता.

सुई मागे नेऊन पुन्हा ऐकलं. सरकवण्याची तीच लकब. पण आवाज जाडसर झालेला, दोन ओळींमध्ये दम लागत होता. एकोणीस वर्षांच्या पोराचा नव्हताच तो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा होता.

"दादा...?"

आवाज थांबला. बाई गातच राहिली. तो वाट बघत होता, मी चुकल्यावर बघायचा तशी.

मग मी वरचा सूर धरला. तो खालून आला. तीन कडवी आम्ही दोघं गायलो. भीती? खोटं कशाला सांगू, इतकं सुख मला कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं.

कडवं संपून नुसती गिटार वाजू लागली, तेव्हा अगदी जवळून एक बारीक आवाज आला.

"बाबा, हीच का आत्या?"

"हो."

"मग ती येत का नाही...?"

"येईल," दादा मायेने म्हणाला. "गाणं संपू दे."

मी झडप घालून सुई उचलली. कर्रकन चरा उमटला. दोन कडवी राहिली होती.

सोमवारी रेकॉर्ड परत नेली. दुकानदाराने माझ्यासमोरच ते गाणं लावलं. मी कानांवर हात ठेवून दाराबाहेर उभी राहिले.

"ताई, एकच बाई गातेय की यात," तो म्हणाला. "हा चरा तेवढा नवा आहे."

मी पैसेही परत मागितले नाहीत. ते गाणं पुन्हा ऐकायचं नाही, मनातसुद्धा आणायचं नाही, असं ठरवलं. पंधरा दिवस बरे गेले.

आज सकाळी मी चहा ओतत असताना नवरा म्हणाला, "हल्ली झोपेत काय गुणगुणतेस गं? छान वाटतं ऐकायला."

मी गाळणं खाली ठेवलं. "कुठलं गाणं?"

"मला काय माहीत! पण रोज थोडी पुढे जातेस. काल तर शेवटाला आल्यासारखी वाटलीस. एखादीच ओळ राहिली असेल बघ."