कंडेन्सरमधले केस

ही गोष्ट खरी आहे. त्यातला एक भाग तर माझ्या डोळ्यांदेखत घडला, डमडमच्या आमच्या घरात. मी अकरा वर्षांची होते.

साल १९७३. मे महिना. भर दुपार.

माझे शरच्चंद्रकाका हुगळीकाठच्या एका वीजकेंद्रात इंजिनियर होते. तिथे नदीचं पाणी हजारो पितळी नळ्यांतून फिरवून वाफ थंड करत. आदल्या रात्री त्या नळ्या तुंबल्या आणि केंद्र बंद पडलं. अर्ध्या शहरात वीज नव्हती.

काकांनी त्या नळ्यांच्या यंत्राचं, कंडेन्सरचं, झाकण उघडायला लावलं.

आधी वास आला... सडक्या मासळीचा. आणि त्यातच डोक्याला लावायच्या सुवासिक तेलाचा.

प्रत्येक नळीच्या तोंडाशी केस होते.

काळे. पांढरे. काही तान्ह्या बाळासारखे मऊ.

नदीकडच्या जाळीतून माशाचं पिल्लूही आत येत नसे. मग हे...?

म्हातारे फिटर निवारणबाबू मागे सरकले. "साहेब, मत खींचिए. ढक्कन लगा दीजिए."

"अस्पताल में बत्ती नहीं है, निवारणबाबू," काका म्हणाले आणि स्वतःच ओढायला लागले.

केस येतच राहिले... बुळबुळीत. मुळांना कातडीचे पांढरे तुकडे.

यंत्र केव्हाच गार झालं होतं.

केस मात्र कोमट होते.

चार घमेली भरली. काकांनी ती भट्टीत टाकायला लावली. संध्याकाळी वीज आली.

घरी येऊन काका जेवायला बसले. कालिंदीकाकूने वरणभात वाढला. दुसऱ्याच घासाला ते थांबले... तोंडात बोटं घातली.

केस.

भातातला नव्हता. घशातून येत होता.

काकू ओढायला लागली. वीतभर... हातभर... मी खाली ताट धरलं होतं. त्यात ओलं वेटोळं पडत होतं. तोच तेलाचा वास.

मग तो पुढे येईना. काकूने जरा जोर लावला, तसं काकांच्या पोटात काहीतरी हललं. बनियनवरून मला दिसलं.

काकांनी घाबरून तिचा हात धरला.

"नलू, कात्री आण," काकू मला म्हणाली.

तिने ओठांपाशी कापला.

उरलेला केस... सरकन आत गेला.

वर्षभरात काकांनी राजस्थानात बदली मागून घेतली, वाळवंटातल्या वीजकेंद्रात. लोकांनी वेड्यात काढलं. काका अठरा वर्षं तिथे राहिले, जेवले, हसले. तिथेच गेले.

त्यांच्या मुलाने, विनायकने, अग्नी दिला. स्मशानातून परतला तेव्हा त्याच्या हातांना तोच तेलाचा वास येत होता; तो तीन दिवस जेवला नाही.

का, ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही.