भिडूचं रीळ

त्या खोलीत प्रोजेक्टर दोन होते. दिवा एकातच होता. रीळही एकच, पहिलं. माणसं तीन: खुर्चीत काका, त्यांच्या मागे काकू आणि मशीनपाशी मी.

ही मोजदाद आधीच देतेय. पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, पोरीच्या नजरेतून काहीतरी सुटलं असणार.

काहीही सुटलेलं नाही. गेल्या महिन्यातली गोष्ट आहे. भर दुपारची. थिएटर बंद पडलेलं, पाडायला काढलेलं.

मला काका-काकूंनीच वाढवलं. काकांनी जन्मभर याच खोलीतून सिनेमे दाखवले. आणि सुट्टीच्या दिवशी तेच जुने सिनेमे घरी मला टीव्हीपुढे धरून बसवून दाखवले.

"काका, किती संथ आहे हा," मी कुरकुरायचे.

"संथ नाही गं. त्याला घाई नाही. प्रयोगशाळेत द्रावण गार व्हायला वेळ देतेस ना? मग माणसाला का नाही?"

त्यांचा सगळ्यात लाडका सिनेमा दिवे विकणाऱ्या माणसाचा. नवरा परत येणार नाही हे कळतं, तेव्हा त्याची बायको खिडकीकडे वळते. कॅमेरा तिच्या पाठीशीच थांबतो.

"रडणं आपल्यावर सोपवलंय बघ," काका म्हणायचे. "म्हणून हा म्हातारा होत नाही. मी झालो."

मग त्यांना झटका आला. बोलणं गेलं. पुढे पुढे चमचा ओठाला लावला तरी तोंड उघडेनात. डॉक्टर म्हणाले, कसंही करून त्यांना यातून बाहेर काढा, अंगात फार काही उरलेलं नाही.

तोच सिनेमा घरी लावला. त्यांनी पाहिलाच नाही. दगडालाही पाझर फुटला असता, इतक्या विनवण्या केल्या मी.

शेवटचा उपाय म्हणून त्यांना इथे आणलं. थिएटरच्या चौकीदाराने आणि मी खुर्ची जिन्यावरून उचलून आणली; मग तो खाली गेला. त्या सिनेमाचं पहिलं रीळ तेवढं इथे उरलं होतं. बाकीची केव्हाच गेलेली.

मी मशीन सुरू केलं. जुनी फिल्म तापून जळू नये म्हणून मध्येमध्ये प्रयोगशाळेतून आणलेला थर्मामीटर लावून बघत होते.

काका शून्यात बघत होते.

रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका दिसतो. मग पहिल्या मशीनवरचा माणूस "घे" म्हणतो आणि दुसरा पुढचं रीळ सुरू करतो. दुसऱ्या मशीनवर काकांचा जोडीदार असायचा. काका त्याला भिडू म्हणायचे. तो जाऊन बरीच वर्षं झाली.

ठिपका आला.

"घे," काका म्हणाले.

कित्येक महिन्यांनी पहिला शब्द. काकू पाण्याचं भांडं घेऊन पुढे झाली.

फिल्मचं टोक सुटून फडफडलं. मी दिवा बंद केला. आता पडदा काळा व्हायला हवा होता...

झाला नाही.

पडद्यावर दिवेवाल्याची बायको खिडकीकडे वळत होती, दुसऱ्या रिळातली.

उजेड दुसऱ्या मशीनपुढच्या झरोक्यातून जात होता. त्या मशीनची चाकं जागच्या जागी. तरी आवाज येत होता... फिल्म सरकल्याचा.

"बघ, पाठमोरी," काका म्हणाले. अगदी स्वच्छ. पण माझ्याकडे न बघता. "दर वेळी रडतोस लेका."

मग थांबले... कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे. आणि हसले.

"पाणी दे गं," ते काकूला म्हणाले. सगळं प्यायले.

"बंद कर ते," काकू कुजबुजली.

"काकू, ते पाणी प्यायले."

"ते कुणाशी बोलतायत, कळतंय का तुला?"

बंद काय करणार? त्या मशीनची वायरच कापलेली होती. आणि खरं सांगते, असती तरी मी हात लावला नसता.

मी चमच्याने दूध भरवत राहिले. काका पीत राहिले, बोलत राहिले. मी फक्त पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होते. पुढचं रीळ माझ्या मशीनवर लागायला हवं होतं. माझ्याकडे ते नव्हतं.

ठिपका आला...

"घे."

हा आवाज काकांचा नव्हता.

काकूने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

पडदा अंधारला. काकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"लाव ना, पोरी."

"रीळ नाहीये, काका."

"अगं, पण त्याने दिलंय. असं ताटकळत ठेवायचं नसतं."

मी रिकामंच मशीन सुरू केलं. कोरा पांढरा पडदा. काका थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांची मान छातीवर आली.

त्यानंतर ते बोललेले नाहीत. आता नळीने भरवतो.

तिसरं रीळ मी शोधतेय. भंगारवाले झाले, बंद थिएटरं झाली.

"मिळालं तरी आणू नकोस," काकू म्हणते. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही.

त्या दुपारी निघण्याआधी मी तापमानं घेतली. खोली, सत्तावीस अंश. माझं मशीन, अडुसष्ट. दुसरं मशीन, एकाहत्तर.