नदीपलीकडच्या अकरा माद्या

ते-आनाऊ गावाजवळच्या, विकल्या गेलेल्या कुरणावर नव्या मालकाने पाईनची लागवड सुरू केली, हरणांची उंच कुंपणं उपटली आणि वडिलांमागे मॉर्वेनच्या वाट्याला आलेल्या शेवटच्या अकरा लाल हरिणी नदीपलीकडच्या डोंगरात निसटल्या. त्यांना परत आणायचं, घरामागच्या छोट्या कुरणात सांभाळायचं, एवढ्यासाठी ती निघाली होती. ती दूध-फार्मांवर ट्रॅक्टर घेऊन ठेक्याने मुरघास, म्हणजे गुरांचा आंबवलेला चारा, करून देई. सोबतीला तमाती होता. तिच्या वडिलांचा दोस्त, कुंपणं घालणारा.

"अकरा हरणांसाठी जीव द्यायचाय का, पोरी?"

"बाबांनी वाढवलेली आहेत ती."

तमातीने आपल्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक तिच्या हाती दिलं.

पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. पायाखालचा दगड सटकला आणि मॉर्वेन वाहत निघाली!

"दोर सोडू नकोस!"

ती आपटली. बुडाली. दोर सोडला नाही. त्याने तिला पलीकडे ओढून घेतलं, तेव्हा तिचे दात कडाकडा वाजत होते.

"फिरायचं मागे?"

"नाही!"

शेवाळाने मढलेल्या, बीच नावाच्या उंच झाडांतून ती दोघं चढत राहिली. पूर्वी माजावर आलेल्या नरांच्या डरकाळ्यांनी घराच्या काचा थरथरायच्या, वडील हातातला चहा तसाच धरून ऐकत बसायचे. आता घराभोवतीच्या खोऱ्यात तिच्याच ट्रॅक्टरची घरघर तेवढी उरली होती.

जंगल संपलं. समोर सोनेरी गवताचा खोलगट माळ, आणि त्यात कळप!

मॉर्वेनने वडिलांसारखी हाक घातली, "होऽऽ पेग, होऽऽ!"

बाटलीने दूध पिऊन वाढलेली म्हातारी पेग थेट तिच्यापाशी आली. मॉर्वेनने तिच्या मानेत तोंड खुपसलं. तोच उबदार, ओलसर वास!

तेवढ्यात गवत हललं. ठिपक्याठिपक्यांचं एक पाडस लटपटत उभं राहिलं. मग दुसरं. तिसरं.

"व्यायल्यात गं," तमाती हळूच म्हणाला. "मोठ्या पोहतील. ही पिल्लं नाही तरायची."

मॉर्वेनने एकेक पाडस मोजलं.

"उन्हाळा सरला की पुन्हा येऊ," तो म्हणाला.

"तोवर ही रानटी होतील. व्हायलाच हवीत. पेग अशी हाकेसरशी आली, तर पहिला शिकारीच तिला टिपेल."

तिने पेगला दूर ढकललं. पेग पुन्हा जवळ आली.

"जा! हाट!" मॉर्वेन टाळ्या पिटत किंचाळली. "जा म्हणते ना!"

पेग दचकली, वळली. सगळा कळप पाडसांना घेऊन कड्याआड गेला.

दोघं उतरून नदीशी पोचली, तेव्हा वरून एका मादीची साद आली. पुन्हा आली. मॉर्वेनचे ओठ उघडले. तिने ते घट्ट मिटले, दोर धरला आणि पाण्यात पाऊल टाकलं.