पुस्तक क्रमांक ८१२ ची मुदतवाढ

विषय : वाचनालयाचे पुस्तक क्र. ८१२ वाचकांस उपलब्ध नसल्याबाबत.
संदर्भ : आयुष यांची तोंडी तक्रार, आज रात्री पावणेनऊ वाजता.

उपरोक्त विषयाबाबत सांगण्यात येते, की... बसा आधी. मिनल, ती खिडकी लावून घे, सदर भागातल्या या गल्लीत जानेवारीचा वारा फार लागतो. प्रशिक, मोबाईल उलटा ठेव. तुम्ही तिघं वर्षभर या वाचनालयात परीक्षेचा अभ्यास करता आणि इथल्या पुस्तकांना हात लावत नाही, कारण ती परीक्षेत येत नाहीत. आज पहिल्यांदा कोणी पुस्तक मागितलं, आणि मागितलं तेही नेमकं हेच.

"काका, यादीत नाव आहे, कपाटात पुस्तक नाही. चोरीला गेलं का?"

चोरीला गेलं असतं तर मी 'गहाळ' असा शेरा मारून मोकळा झालो असतो. हे गहाळ नाही. कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे. इथून पंधरा मिनिटांवर, छावणीत, रुपराव ढोबळेच्या घरी.

पुस्तक म्हणजे भुताखेतांच्या गोष्टींचा जुना संग्रह. मधूनमधून कविता, त्याही स्मशानातल्याच. तपकिरी पुठ्ठा, पहिलं पान नाही. आपल्याकडे बक्षिसं मिळवलेल्या कादंबऱ्या आहेत, त्यांची तारखांची चिठ्ठी अजून कोरी आहे. या पुस्तकाची चिठ्ठी मी अकरा वेळा बदलली. आजोबांनी नेलं, बापानं नेलं, नातवानं नेलं. परत करताना प्रत्येक जण म्हणतो, "काही खास नाही," आणि पुढच्या महिन्यात पुन्हा नेतो.

रुपराव आपल्या वाचनालयाचा बाइंडर. हे पुस्तक त्यानं स्वतः चार वेळा शिवलं. त्याची बायको अंजनाबाई, तिचंही वेगळं कार्ड होतं. लग्न झाल्यापासून, हे पुस्तक हाती असेल तेव्हा, या दोघांचा नेम. जेवणं झाली की एक गोष्ट. तो वाचणार, ती ऐकणार. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून. फक्त शेवटची गोष्ट तिनं कधी वाचू दिली नाही. "म्हातारपणासाठी राहू द्या जी," म्हणायची. लोक म्हातारपणासाठी जमीन घेतात, हिनं एक गोष्ट राखून ठेवली होती.

मी एकदा थट्टेनं विचारलं होतं, "वहिनी, या वयात घाबरायला पुस्तक लागतं का?"

ती म्हणाली, "भ्यायसाठी नाही वाचत भाऊजी. पोथीत माणूस गेला की गेला. यात वापस येते. एवढं तरी कोणी लिहून ठेवलं न."

मी पुस्तकावर शिक्का मारला.

मग शुगरनं तिचे डोळे गेले. चार-पाच वर्षांनी किडन्या गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये डॉक्टरांनी रुपरावला बाजूला घेऊन सांगितलं, पंधरा दिवस. त्याच रात्री तिनं शेवटची गोष्ट काढायला लावली.

गोष्ट साधी. एक बाई रोज रात्री दाराशी दिवा ठेवून गेलेल्या नवऱ्याची वाट पाहते. शेवटी एका रात्री दारावर थाप पडते. इथं पान संपतं. पुढे दीड पान उरतं.

रुपराव थापेपाशी थांबला. अंजनाबाईनं विचारलं, "मंग कोण होतं जी?" तो म्हणाला, "उद्या." पंधरा दिवस झाले. महिना झाला. रोज तीच गोष्ट पहिल्यापासून, थापेपर्यंत, आणि "उद्या." डॉक्टर चकित झाले. रुपराव झाला नाही. त्यानं सुई-दोरा काढला आणि शेवटची पानं कडेनं शिवून टाकली. चुकूनही नजर पुढे जाऊ नये म्हणून.

पुस्तकाची मुदत पंधरा दिवसांची. मी या वाचनालयाचा मानद कार्यवाह, म्हणजे निवृत्त होऊनही बिनपगारी कारकून. मी त्याला आठ वेळा मुदतवाढ दिली. नियम मोडून नाही. पुस्तकाला दुसऱ्या कोणाची मागणी नसेल तर मुदतवाढ देता येते, नियम चौदा.

आता तारीख ऐका. शनिवार, १४ डिसेंबर २०२४.

दाराजवळची ती मागणीपेटी दिसते ना? तक्रारी टाकतात ती नव्हे, शेजारची, पुस्तक मागायच्या चिठ्ठ्यांची. दर शनिवारी संध्याकाळी सातला मी ती उघडतो. किल्ली एकच, माझ्या खिशात. त्या दिवशी तीन चिठ्ठ्या निघाल्या. दोन गाइडांसाठी. तिसरी : पुस्तक क्र. ८१२, सभासद क्र. ११७. चिठ्ठीवर नाव लिहायची पद्धत नाही, क्रमांक लिहायचा. मी 'प्राप्त' असा शिक्का मारला. ११७ म्हणजे कोण, हे पाहिलं नाही. आकडा दिसला की माणूस पाहायचा नाही, ही आमची तीस वर्षांची खोड.

साडेसातला रुपराव आला. हातात नववा अर्ज, काखेत पुस्तक.

"या खेपेस नाही जमणार," मी म्हणालो. "मागणी आली आहे."

"कोणाची?"

"ते सांगता येत नाही."

"मनोहरबाबू, आठ दिवस द्या फक्त."

"नियम चौदा."

तो खुर्चीत बसला नाही. टेबलाची कड धरून उभा राहिला. "तुमाले ठाऊक हाय न? रात्री गोष्ट वाचली नाही त ते झोपत नाही. अन् शेवट कळला त ते उठत नाही. हे पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेलं, त्यानं माये टाके उसवले... मंग मी तिले काय सांगू? कोणतं उद्या सांगू?"

"रुपराव, शहाणा माणूस तू. गोष्टीनं कोणी जगतं का?"

"मंग काहून जगून राहिली ते?"

माझ्याकडे नियम होता. मी म्हणालो, "उद्या सकाळी दहाला पुस्तक जमा कर." 'उद्या' हा शब्द ऐकून तो माझ्याकडे कसा पाहत राहिला, ते मी विसरलेलो नाही. मग पुस्तक छातीशी धरून निघून गेला.

साडेनऊला मी चिठ्ठ्या रजिस्टरवर चढवायला बसलो. रजिस्टरला मात्र नाव लिहावं लागतं. सभासदांची वही उघडली. एकशे पंधरा. एकशे सोळा. एकशे सतरा...

सौ. अंजना रुपराव ढोबळे. छावणी.

मी चिठ्ठी दिव्याखाली धरली. अक्षर सरळ होतं. ओळीवर बसलेलं. डोळस माणसाचं.

कोणीतरी चावटपणा केला, असं म्हणत मी स्कूटर काढली. दहा वाजून दहा मिनिटांनी छावणीत पोचलो. रुपरावनं दार उघडलं. एक खोली, मागे स्वयंपाकघर. खाटेवर अंजनाबाई. पांघरुणाखाली माणूस आहे हे सांगावं लागेल, इतकी उरलेली.

मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्यानं वाचली. पुन्हा वाचली.

"हे तिचंच अक्षर हाय," तो हळू म्हणाला. "पहिलेचं. दिसत होतं तवाचं."

"कोणाला सांगून लिहवून घेतली असेल."

"कोणाले? इथं येते कोण? सप्टेंबरपासून ते खाटेवरून उठली नाही."

खाटेवरून आवाज आला. "मनोहरभाऊजी आले का?"

"हो वहिनी."

"शिक्का मारला न तुमी?"

मला स्कूटरवर लागली नव्हती इतकी थंडी वाजली.

"ही चिठ्ठी तुमची आहे, वहिनी?"

"हो जी."

"कोणाच्या हाती पाठवली?"

तिनं तोंड रुपरावच्या दिशेला वळवलं.

"वहिनी... कोणाच्या हाती?"

"यायले सांगा," ती म्हणाली. "शेवट वाचा म्हणावं. चार महिन्यांपासून थे बाई दाराशी उभी हाय. तिच्यासंगं मीबी उभी हाय. पाय दुखून राहिले जी आता."

"नाही वाचणार," रुपराव म्हणाला.

"अजी..."

"नाही म्हनलं न वं! उद्या वाचू. उद्या."

"तुमी थाप अडवून ठेवली."

"ठेवली! जलमभर अडवून ठेवीन!" त्यानं पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी आवळलं. "तू जाशील त मी कोणाले वाचून दाखवू? भिंतीले?"



मग थाप पडली.

एक.

मी दाराकडे पाहिलं. आयुष्यभर सरकारी कचेरीत काढलेला माणूस मी. दारावरच्याला ताटकळत ठेवायची मला सवय. मी उठलो नाही.

दुसरी.

"उघडा," अंजनाबाई म्हणाली.

मी उठलो. कडी काढली. बाहेर गल्ली... दिव्याचा खांब... माझी स्कूटर. कोणी नाही. कुत्रंसुद्धा नाही.

तिसरी थाप पडली तेव्हा दार उघडंच होतं.

मी वळलो. रुपरावचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. दाराकडेही नाही. तो आपल्या छातीकडे पाहत होता. हातांतल्या पुस्तकाकडे.

"आतून..." तो म्हणाला.

पुस्तक खाली पडलं.

मग तो खाली बसला. कोनाड्यातलं ब्लेड घेतलं. एक टाका. दुसरा. तिसरा. दोरा ओढल्याचा आवाज ऐकू येत होता, इतकं शांत होतं. पान उलटलं. तो वाचू लागला. मी उंबऱ्यावर उभा होतो. त्या दीड पानात काय आहे ते मला विचारू नका, मी कानांवर हात ठेवले होते. हो, या वयात.

हात काढले तेव्हा तो वाचायचा थांबला होता.

अंजनाबाई म्हणाली, "असं हाय होय..."

आणि हसली. समाधानानं, मान हलवून, आपला अंदाज बरोबर निघाला की हसतात तशी.

दहा वाजून पन्नास मिनिटं.

तेरवी झाल्यावर पुस्तक घ्यावं, असं मी ठरवलं. पुस्तकाला मागणी आहे, पण मागणी करणारी सभासद हयात नाही. तेव्हा चिठ्ठी आपोआप रद्द. नियमात बसतं. रुपरावला आणखी पंधरा दिवस देता येतील, देऊन टाकू. फार हलकं वाटलं मला.

मधला शनिवार आला. २१ डिसेंबर. सातला मागणीपेटी उघडली.

"काका..." मिनल म्हणते आहे. सांगतो ना. एकच चिठ्ठी होती. पुस्तक क्र. ८१२. सभासद क्र. ११७. तारीख त्याच दिवसाची. अक्षर सरळ, ओळीवर बसलेलं.

किल्ली? माझ्याच खिशात, प्रशिक.

मी ती चिठ्ठी घेऊन तसाच छावणीत गेलो. रुपरावला दाखवली. रडेल, घाबरेल, मला शिव्या देईल, असं वाटलं होतं. त्यानं ती डोळ्यांना लावली. मग कपाटातून पुस्तक काढून माझ्यासमोर धरलं.

शेवटची पानं त्यानं पुन्हा शिवली होती. नवा दोरा, बारीक टाके.

"रोज रात्री वाचतो जी," तो म्हणाला. "थापेपर्यंत. अन् थांबतो. शेवट पुन्हा ऐकायले येईनच न ते कधी. तिले अर्धी गोष्ट चालत नाही." मग त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे केला. "मुदतवाढ द्या, मनोहरबाबू. तुमच्या पाया पडतो. एवढी एक मुदतवाढ द्या."

याला वर्ष उलटलं. तुमच्या तक्रारीवर कार्यालयाचा अहवाल असा, आयुष :

पुस्तक क्र. ८१२ श्री. रुपराव ढोबळे यांच्याकडे आहे. त्यांचा मुदतवाढीचा अर्ज प्राप्त. सभासद क्र. ११७ यांची त्याच पुस्तकासाठी मागणी चिठ्ठी, दि. २१ डिसेंबर २०२४, प्राप्त. मागणी असताना मुदतवाढ देता येत नाही, आणि मागणीनुसार पुस्तक कोणाला द्यायचं ते ठरत नाही.

दोन्ही अर्ज प्रलंबित.