यमुनेच्या कानातली गाळणी

सकाळी आठला दहा कमी असताना टेकडीवरच्या शाळेची घंटा व्हायची आणि फाटकाशी जमलेली सहाशे मुलं एकदमच कानाला हात लावायची. नवख्या माणसाला वाटावं, सगळी शाळाच कसलीतरी माफी मागतेय! तसं काही नव्हतं. कानातली गाळणी नीट बसली आहे ना, एवढंच ती चाचपून बघायची. तुरीच्या डाळीएवढा मणी आणि त्याच्यावर एक हिरवा ठिपका. ठिपका पेटला की आत जायची परवानगी. फाटकाच्या कमानीवर आकडे उजळायचे : ‘शरीरावरून चिडवल्याच्या तक्रारी – शून्य. सलग दिवस – ४१२.’

त्या शून्याचा ईश्वरी मगदूमला पहिल्यापासून संशय होता.

तिचं कामच संशयाचं. दूध संघात ती भेसळ-तपासनीस होती, अठरा वर्षं. माणसं चंद्रावर खाणी खोदायला लागली, पण दुधात पाणी घालायची काही थांबली नव्हती. ज्या नमुन्यात बोट ठेवायला जागा नसायची तो नमुना ईश्वरी हमखास दुसऱ्यांदा तपासायची, आणि दहातल्या आठ वेळा काहीतरी निघायचंच. सहाशे मुलं, आठ तास एकत्र, आणि कुणी कुणाला जाड्या म्हणत नाही, हाडक्या म्हणत नाही? कुठेतरी पाणी मुरतंय, असं ती नवऱ्याला म्हणायची. नवरा समुद्रात तेलविहिरीवर, तीन-तीन महिने तिकडेच. तो पडद्यावरून हसायचा. म्हणायचा, ‘‘तुला चहासुद्धा दोनदा गाळून लागतो, ईशू.’’

पण आता हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यांची मुलगी यमुना हाकेला ओ देईनाशी झाली होती.

यमुना बारा वर्षांची, सहावीत. अंगाने भरलेली, गोऱ्या गुबगुबीत हातांची, आणि गेल्या दिवाळीपर्यंत घरात अखंड बडबडणारी. जूनमध्ये ती या शाळेत आली. दिवाळीनंतर शाळेने ‘घरसवलत’ दिली, म्हणजे गाळणी घरीही वापरायला मुभा. तेव्हापासून यमुनाने तो मणी आंघोळीपुरताच काढला. हळूहळू ती गप्प झाली. उन्हातसुद्धा जाकीट घालू लागली. डबा अर्धा परत येऊ लागला. आणि ईश्वरीने स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘‘गुब्बू! ए गुब्बू!’’ की उत्तर नाही. पुन्हा हाक, पुन्हा काही नाही. मग ईश्वरीचं डोकं फिरायचं, ती ओरडायची, ‘‘यमुना! कान फुटले का तुझे?’’ त्यावर मात्र लगेच, ‘‘आले.’’

कान फुटले नव्हते. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऐकणं उत्तम आहे, मुंगीचं चालणंही ऐकेल ही.

तर मग हे काय? ईश्वरीने जवळजवळ सगळ्यांवरच संशय घेऊन पाहिला. डॉक्टरवर, वर्गाच्या चौगुले मॅडमवर, आणि सर्वांत जास्त ओवीवर. ओवी ही यमुनाच्या बाकावरची मुलगी, काडीसारखी, बोलायला चुरचुरीत. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी ईश्वरीने अर्धी रजा काढली आणि शाळा सुटायच्या वेळी तिला फाटकाशी गाठलं.

‘‘खरं सांग ओवी, यमुनाला तुम्ही काय म्हणता?’’

ओवीने आजूबाजूला पाहिलं. ती घाबरली नव्हती, ईश्वरीला तिचं नवलच वाटलं.

‘‘काय काय म्हणतो काकू. सगळेच म्हणतात. पण तिला कुठे ऐकू जातं?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘गाळणी असते ना! आम्ही बोलतो आणि ती नुसती तोंडाकडे बघत बसते. मजा वाटते. तिला लागत नाही ना, मग काय झालं?’’

‘‘लाज नाही वाटत तुला?’’ ईश्वरीचा आवाज चढला. ‘‘तुझ्यासारखीनंच आधी नाव ठेवलं असणार तिला.’’

‘‘नाव आम्ही नाही ठेवलं, काकू,’’ ओवी म्हणाली आणि रिक्षाकडे पळाली.

खोटारडी! ईश्वरी तशीच तरातरा कचेरीशेजारच्या खोलीकडे गेली. तिथे दर शुक्रवारी डॉक्टर अद्वैत किणीकर बसत. गाळणी त्यांनीच बनवली होती. पन्नाशीचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. एवढा गोडवा बघून ईश्वरी आणखीनच सावध झाली.

‘‘मला आधी हे सांगा,’’ ती म्हणाली, ‘‘तो मणी नेमकं करतो काय? माहितीपत्रकात लिहिलंय तसं नको, मला कळेल असं सांगा.’’

‘‘सोपं आहे. बाहेरचा आवाज मणी अडवतो. सेकंदाचा पाचवा हिस्साभर तो तपासतो आणि मग स्वतःच कानात ऐकवतो. इतका थोडा उशीर मुलांच्या लक्षातही येत नाही. त्यात नको असलेला शब्द असला, तर तेवढा ऐकवत नाही.’’

‘‘आमच्यासारखंच की. नमुना पास झाला तर पुढे. पण नको असलेला शब्द कुठला, हे ठरवतं कोण? तुम्ही?’’

‘‘छे! मी ठरवला असता तर मुलांनी दुसऱ्या दिवशी नवा शब्द काढला असता. जाड म्हणायला बंदी, तर भोपळा म्हणतील. भोपळ्याला बंदी, तर रोड रोलर. शब्दांच्या मागे धावून आम्ही आधी थकलो होतो.’’ किणीकर जरा पुढे झुकले. ‘‘म्हणून आम्ही शब्द सोडले आणि ऐकणाऱ्याचं अंग धरलं. मनाला लागलं की नाडी उडते, कानाच्या आतल्या कातडीवर बारीक घाम येतो. त्याला आम्ही दचक म्हणतो. एका शब्दाला तीन दचक झाले, की तो त्या मुलाच्या दचकसूचीत जातो आणि त्याला तो पुन्हा ऐकू येत नाही. प्रत्येकाची सूची वेगळी. माणूस खोटं बोलेल, ताई. अंग बोलत नाही.’’

‘‘आणि बोलणाऱ्याला काय करता?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘जो चिडवतो त्याला! त्याच्या तोंडाला काही नाही आणि ऐकणारीच्या कानाला बूच? ऐकूच गेलं नाही तर ती तक्रार करणार कसली? म्हणून तर तुमचं शून्य!’’

किणीकरांनी चष्मा काढून पुसला. ‘‘शाळेने आम्हाला तक्रारी कमी करायला सांगितलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘त्या झाल्या.’’

ईश्वरीला त्यांच्या कानशिलात द्यावीशी वाटली. पण अठरा वर्षांच्या सवयीने ती मुद्द्यावर आली. ‘‘मला यमुनाची सूची बघायचीय. आई आहे मी तिची. अंगठा कुठे लावायचा सांगा.’’

किणीकर घुटमळले. ‘‘बघता येईल. नियमात आहे. पण पालकांना मी सहसा सांगतो, नका बघू.’’

‘‘का? कुणाला झाकताय? इथल्या कुणा शिक्षकाला?’’

‘‘कुणालाच नाही,’’ म्हणत त्यांनी पडद्याची पाटी तिच्यापुढे सरकवली.

एक्केचाळीस शब्द होते. ईश्वरीने खालून वर वाचायला सुरुवात केली. बारदान. जिना. डबल सीट. हत्तीचा पाय. ‘बाक मोडेल’ हे तर अख्खं वाक्यच. शेजारी तारीख आणि आवाजाची खूण. ओवी, ओवी, दुसरं कुणी, पुन्हा ओवी. हीच ती, हीच! वर वर जाताना शब्द साधे होत गेले. जेवण. जाकीट. वाढतं अंग. दुसऱ्या क्रमांकावर होतं ‘माप’. आणि अगदी वर, पहिल्या क्रमांकावर, यमुना शाळेत आली त्याच दिवसाच्या तारखेला, होतं ‘गुब्बू’.

ईश्वरीने तारीख पुन्हा वाचली.

‘‘हे... हे तर आमचं घरातलं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘बाळ असल्यापासून म्हणते मी. शाळेत कुणाला कळलं हे? ऐकवा मला. कुणी म्हटलं ते ऐकवा!’’

‘‘ताई, राहू दे.’’

‘‘ऐकवा म्हणते ना!’’

किणीकरांनी बोट टेकवलं. खोलीत आधी गलका ऐकू आला, मोठ्या सभागृहातला असावा तसा घुमणारा. त्यातून शिंप्याची खणखणीत आरोळी, ‘‘कंबर छत्तीऽस!’’ आणि लिहून घेणाऱ्याची त्याहून मोठी, ‘‘छत्तीऽस!’’

गणवेशाच्या मापांचा दिवस. या शाळेत कानात मणी आला होता, पण मापं अजून शिंपीच घ्यायचा, सगळ्या वर्गासमोर, रांगेत, ओरडून ओरडून. पन्नास वर्षांची प्रथा म्हणून शाळेला तिचं कौतुक होतं. आणि त्या आरोळ्यांवर एक बाई हसत म्हणत होती, ‘‘अहो दादा, आमच्या गुब्बूचं माप जरा सैल घ्या. वाढतं अंग आहे. दिवाळीच्या फराळानंतर उसवायला नको! सरळ उभी राहा ना गुब्बू, पोट आत घेऊन काय शिंप्याला फसवतेस? गुब्बू, इकडे बघ.’’ रांगेत हसण्याची लाट उसळली. बाईही हसली. तिला वाटलं होतं, सगळे कौतुकाने हसतायत.

आवाज ईश्वरीचा होता.

‘‘त्या अर्ध्या तासात तुम्ही ती हाक सात वेळा मारलीत,’’ किणीकर हळूच म्हणाले. ‘‘पहिल्या तिन्हीला दचक झाले. मुलांनी शब्द तिथून उचलला. ताई, तुम्ही एकट्या नाही. या शाळेतल्या निम्म्या सूच्यांत पहिला आवाज घरचाच आहे.’’

नाव आम्ही नाही ठेवलं, काकू. पोरगी खरं बोलली होती. दुनियेचे कॅन तपासत हिंडले, ईश्वरीच्या मनात आलं, आणि स्वतःच्या घरचं भांडं कधी उघडून बघितलं नाही.

मग तिला दुसरी गोष्ट कळली. दिवाळीपासून घरात तिने मायेने मारलेली एकही हाक लेकीपर्यंत पोचली नव्हती. माया आली की तोंडात ‘गुब्बू’ यायचं आणि राग आला की ‘यमुना’. पोरीने चार महिने फक्त रागच ऐकला होता.

‘‘काढा तो शब्द,’’ ती म्हणाली. ‘‘आत्ताच्या आत्ता पुसा.’’

‘‘मला येत नाही पुसता. तुम्हालाही नाही. फक्त तिलाच येतं. पालकांना पुसू दिलं असतं तर काय उपयोग?’’ किणीकरांनी पाटी मागे घेतली. ‘‘आणखी एक सांगायला हवं. एकाच आवाजातले शब्द फार लागायला लागले, की गाळणी शब्द मोजायचं सोडते आणि आवाज मोजते. मग तो आवाजच बंद होतो. सगळा. तुमचा आवाज त्या काठावर आहे. एक दचक. ठिपका हिरव्याचा नारिंगी झाला, तर समजा दचक झाला.’’

‘‘मणीच काढून घेतला तर?’’

‘‘जबरदस्तीने? तिने दुसरा लावला, की पहिली नोंद त्या जबरदस्तीचीच होईल. ती आपणहून काढेल असं काहीतरी बोला. जपून बोला.’’

ईश्वरी घरी आली तेव्हा साडेपाच वाजले होते. यमुना जेवणाच्या टेबलाशी नकाशा रंगवत बसली होती, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून. कानात हिरवा ठिपका. ईश्वरी समोर बसली. वाटेत तिने चिठ्ठी लिहायचा विचार केला होता, दोन ओळी लिहिल्याही, आणि फाडून टाकल्या. भर सभागृहात तोंडाने बोलले, आणि आता माफी मात्र कागदावर? नाही. तोंडानेच मागायची.

‘‘यमुना,’’ ती अगदी हळू म्हणाली.

यमुनाने वर पाहिलं, जरा घाबरूनच. या नावानंतर नेहमी ओरडा यायचा.

‘‘रागावले नाही गं मी. मी आज शाळेत गेले होते.’’

ठिपका हिरवाच होता. ईश्वरीला धीर आला. एकेक शब्द ती ओल्या लादीवरून चालावं तसा टाकत होती. ते एक्केचाळीस तिने वाटभर घोकले होते.

‘‘माझी चूक झाली, राणी. मोठी चूक. मला कळलंच नाही तुला किती लागलं ते. तू आहेस तशी मला फार आवडतेस. पहिल्यापासून. तुला कुणी हसलं तर मी त्यांच्यासमोर उभं राहायला हवं होतं, आणि मीच...’’ यमुनाची पेन्सिल थांबली होती. ती आईकडे एकटक पाहत होती आणि तिची हनुवटी थरथरत होती. तिचा हात कानाकडे गेला, मण्याला टेकला. काढतेय! ईश्वरीला रडूच फुटलं. रडताना माणसाला घोकलेलं काही आठवत नाही. ती बोलून गेली, ‘‘त्या मापाच्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला, माझ्या गुब्बूला...’’

‘माप’ आणि ‘गुब्बू’ हे दोन शब्द यमुनाला ऐकू गेले नसणारच. पण आठ महिने तिने दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघण्यातच काढले होते. ते ओठ कसे मिटतात आणि कसे पुढे येतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

ठिपका नारिंगी झाला.

‘‘नाही, नाही, यमुना! ऐक माझं! काढ ते, काढ!’’

ठिपका पुन्हा हिरवा झाला, अगदी शांत हिरवा. यमुनाचे आखडलेले खांदे हळूहळू खाली आले. हनुवटी थरथरायची थांबली. मण्यावरचा हात तिने काढून घेतला आणि पेन्सिल उचलली. समोर आई रडत होती, हात जोडत होती, तिचं तोंड भराभरा हलत होतं. यमुना थोडा वेळ त्या तोंडाकडे बघत राहिली, वर्गात बघायची तशीच. मग ईश्वरी दमून गप्प झाली, तेव्हा ती समजूतदारपणे म्हणाली,

‘‘थांबलीस का, आई? बोल ना तुला काय बोलायचं ते. मला आता काही होत नाही.’’