न वाळणारा दोर

खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटीनं दार वाजवलं तेव्हा मुकुल ऑफिसातून येऊन बूट काढत होता.

"अंकल, तुमचा दोर गळतो. माझे कपडे रोज ओले. हाऊ कॅन लाह?"

मुकुल सॉरी म्हणाला आणि दार लोटलं.

क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकांत स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू खुपसून कपडे वाळत घालतात. तसल्याच एका बांबूवर तो दोर लोंबत होता, मुकुल हिमाचलातून आला त्या दिवसापासून. सिंगापूरचं ऊन असं, की सकाळी टाकलेली चादर जेवणाआधी पापडासारखी कडकडीत. पण महिना होत आला, दोर वाळायचं नाव घेत नव्हता. त्यातून थेंब पडायचे, बोट लावलं तर कळ यावी असे गार. आणि जवळ गेलं की वास. ओल्या लोकरीचा, आणि बर्फाचा. बर्फालाही वास असतो, तो बर्फात राहिलेल्यालाच ओळखू येतो.

दोर दोघांनी मिळून घेतलेला, त्यानं आणि निशिकांतनं. वन-नॉर्थ भागात दोघं एकाच ऑफिसात. बर्फात चालायला शिकायचं आणि हिमबिबट्या डोळ्यांनी बघायचा, हे दोघांचं खूळ. रविवारी सकाळी ब्लॉकखालच्या खांबांमधून दोघं कमरेला दोर बांधून चालायचे. एकानं घसरायचं, दुसऱ्यानं धरायचं. पोरं हसायची, "अंकल, व्हेअर गॉट स्नो?" निशिकांत म्हणायचा, "फ्रीज उघडा ठेवलाय रे, येईलच."

खूण ठरलेली होती. एक झटका, चालत राहा. दोन झटके, धर मला.

हिमाचलातलं एप्रिल अखेरीचं बर्फ वरून पांढरं, आतून उन्हानं भुसभुशीत झालेलं. शिकवणारा पुढे निघून गेलेला, हे दोघं मागे. आणि समोरच्या कड्यावर तो आला. राखेच्या रंगाचा, शेपूट पाठीवर टाकलेला. दोर पुढं पुरेना, म्हणून मुकुलनं कमरेची गाठ सोडली, दोर बर्फात वापरायच्या कुऱ्हाडीला बांधला, कुऱ्हाड बर्फात रोवली आणि कॅमेरा घेऊन पुढे सरकला. कुऱ्हाड दोनदा हलली. ते त्याला दिसलं. "एकच," असं तो पुटपुटला.

निशिकांत दुसऱ्या दिवशी घळीत सापडला. मुकुलनं सगळ्यांना सांगितलं, मी शेवटपर्यंत धरून होतो. लोकांनी पाठीवर हात ठेवले. ऑफिसनं तो हिमबिबट्याचा फोटो मोठा करून, काच लावून भेट दिला. तो भिंतीवर लावताना मुकुलला आपलेच हात कुणा परक्याचे वाटले.

आंटी गेली आणि घटकाभरानं निशिकांतची बायको आली, सरला. बाहेर आभाळ काळंभोर भरून आलेलं. तिच्या हातात डबा.

"बेसनाचे लाडू आहेत, भावजी. यांना आवडायचे. तुम्ही धरून होतात, तुमचे आभारसुद्धा मानले नाहीत मी."

"वहिनी, कशाला उगाच..."

ती फोटोपुढे उभी राहिली. बराच वेळ.

"हा कधीचा?"

"आदल्या दिवशीचा."

स्वयंपाकघरात बांबू करकरला.

"सगळी जनावरं फोटोत आपल्याकडं बघतात," सरला हळू म्हणाली. "हा खाली काय बघतोय हो?"

रोज मुकुल तो फोटो पुसायचा, पण त्या जनावराची नजर कुठं आहे हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. डावीकडं, खाली. जिथं निशिकांत होता.

आत दोर ताणला गेला. भरल्या कळशीसारखं ओझं खाली लागल्यागत बांबू वाकला. मग झटका. आणि दुसरा.

मुकुल धावला. दोन्ही हातांनी दोर धरला. तळवे गारठ्यानं भाजले.

"वहिनी... मी धरलं नव्हतं. गाठ सोडली होती मी. ह्या फोटोसाठी. त्यानं दोनदा..."

दोर सैल पडला. मागं वळून बघायची त्याची छाती होईना. डब्याचं झाकण घट्ट दाबल्याचा आवाज आला.

"डबा रिकामा परत देऊ नये म्हणतात," सरला म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "म्हणून भरलेलाच नेते."

ती गेली. मुकुलनं दोर आत ओढला. तो खडखडीत वाळलेला होता. त्यानं खिडकी लावून घेतली आणि रात्रभर तोंड भिंतीकडं करून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतताना लिफ्टमध्ये आंटी भेटली. खुशीत होती.

"आता गळत नाही, गुड. तुमचा मित्र वर पोचला ना?"

"कोण मित्र?"

"काल पाऊस आला तेव्हा. माझ्या खिडकीपुढून चढून गेला. हात निळे निळे. मी म्हटलं, पडशील. तो म्हणाला, नाही, आता वर धरलंय."

आंटी तिच्या मजल्यावर उतरली. दार मिटलं, लिफ्ट एक मजला वर गेली. दार उघडलं, समोर त्याचं घर, बाहेर त्याची स्वतःचीच चप्पल, आणि दाराच्या फटीतून येणारा तो वास.

मुकुल जागचा हलला नाही. तेवढ्यात त्याच्या कमरेला, जिथं काहीही बांधलेलं नव्हतं तिथं, एक झटका बसला.

एकच. चालत राहा.