दाराबाहेर ठेवलेल्या बॅगा

लाईट आज काही येत नाहीत. झाडाझाडावर बर्फाची काच चढलीये, तारा तुटल्यात. तेव्हा सगळे फायरप्लेसजवळ सरका. निमिष, तो फोन ठेव बघू खाली, उद्याला बॅटरी लागेल. केया, भीती वाटली तर आजीला चिकटून बस, पण मला मधे थांबवू नकोस.

गोष्ट खरी आहे. तुमच्या ओळखीच्यांचीच आहे. टोरांटोजवळच्या व्हिटबीचे उन्मेषकाका आणि अबोलीकाकू. आता तुम्हाला ती दोघं म्हणजे दिवाळीला चकल्या आणणारी माणसं वाटतात. पण २००७ साली नागपूरहून आली तेव्हा आपल्याच या बेसमेंटमध्ये राहिली होती. उन्मेष माझ्या मित्राचा पुतण्या. सॉफ्टवेअरमधला, शांत, जरा भित्राच म्हणा. अबोली डेंटिस्ट. तिकडे चालतं क्लिनिक बंद करून आलेली, आणि इकडे दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून लोकांच्या तोंडात सक्शन धरून उभी राहायची. रात्री परीक्षांचा अभ्यास. पण कधी कुरकुर नाही. फक्त राग आला की तिची नागपुरी बाहेर यायची, ‘काय बे’ वगैरे.

दोन वर्षांनी त्यांनी व्हिटबीला घर घेतलं. जुनं, विटांचं, मागे लांबलचक यार्ड आणि त्यापलीकडे मोकळं शेत. घर बरेच महिने रिकामं पडलेलं. ते का, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

तर २००९ सालचा नोव्हेंबर. महिन्याचा शेवटचा शनिवार. संध्याकाळी पाचला अंधार झालेला, बारीक पाऊस चालू. दोघं ग्रोसरीला गेली होती. दूध, मेथी, आणि डिसेंबरमध्ये युरोपला जायचं होतं म्हणून वाटेत खायला काहीबाही. लग्नानंतर महिन्याभरातच इकडे आलेली ती; कुठे फिरणं झालंच नव्हतं. व्हिएन्ना, मग व्हेनिस, असं सगळं अबोलीने बुक केलं होतं.

गाडी ड्राइव्हवेवर वळली, आणि हेडलाईटमध्ये त्यांना आपल्या दोन बॅगा दिसल्या.

त्याच, भारतातून आणलेल्या, मोठ्या निळ्या. दारापुढच्या वाटेवर, उघड्या पावसात, शेजारी शेजारी उभ्या. हँडल वर ओढलेली.

उन्मेषला वाटलं, चोर आले. त्याने पोलिसांना बोलावलं. पोलिसांनी घर वरपासून खालपर्यंत पाहिलं. दार बंद होतं, खिडक्या बंद, काही गेलेलं नाही. मग बॅगा उघडल्या. आत दोघांचे कपडे. नीट घडी घालून, कोपऱ्याला कोपरा लावून. तिची डेंटिस्ट्रीची पुस्तकं. पोळपाट. आणि सगळ्यात वर, टॉवेलात गुंडाळलेले देव्हाऱ्यातले देव.

पोलीस म्हणाले, कुणीतरी चेष्टा केली असेल. गेले ते.

अबोलीने बॅग आत ओढताना हात फिरवून पाहिला. बाहेर पाऊस पडत होता. बॅगा कोरड्या होत्या.

“आजोबा, फॉर रियल?”

निमिष, मी काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मार्गारेटबाई केक घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढची बाई. बॅगांचं ऐकलं आणि केक हातात तसाच. म्हणाल्या, “त्याने तुम्हालाही बाहेर काढलं का?”

घराचा मूळ मालक म्हातारा होता. एकटा. नेहमी एकटा नव्हता म्हणे. पहिल्यांदा त्याने बायकोची बॅग भरून दाराबाहेर ठेवली. मग मुलाची. मग जे जे भाडेकरू ठेवले त्यांची. भांडण नाही, आरडाओरडा नाही. संध्याकाळी माणूस कामावरून यायचा तो बॅग बाहेर. शेवटी त्याच घरात एकटा मेला. त्यानंतर दोन कुटुंबं येऊन गेली. कुणी हिवाळा काढला नाही.

“तुम्हीही जा,” मार्गारेटबाई म्हणाल्या. “सगळेच गेले.”

उन्मेषने मला फोन केला. मी म्हटलं, या इकडे, बेसमेंट रिकामंच आहे. तुमची आजी तर गाद्या घालायलाच लागली. मागून अबोलीचा आवाज आला, “काका, दिवाळीला यायचं तेव्हा येऊ. आत्ता नाही.”

त्यानंतरच्या महिन्याभरात बॅगा पुन्हा बाहेर आल्या. आणि पुन्हा. दर वेळी ती त्या आत ओढायची, कपडे कपाटात लावायची, देव देव्हाऱ्यात मांडायची, दिवा लावायची आणि अभ्यासाला बसायची. उन्मेष मात्र खंगत चालला. गो ट्रेनने टोरांटोहून परत येताना व्हिटबी जवळ आलं की त्याचे हात गार पडायचे, असं त्यानेच मला सांगितलं.

युरोपला निघायच्या दिवशी सकाळी बॅगा दाराबाहेर भरलेल्याच होत्या. अबोलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, “थँक यू हां. माझं काम वाचवलं. फिरून येतो.”

तिला वाटलं, घराबाहेर पडलो की सुटलो. दोन आठवडे तरी.

व्हिएन्नाला पहिला दिवस फार छान गेला. हातात हात घालून हिंडली दोघं. कॅफेत बसून कॉफी प्यायली, ट्रॅममधून उगीचच शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन आली. उन्मेष कितीतरी दिवसांनी हसला. रात्री हॉटेलवर येऊन दाराला आतून साखळी लावली आणि झोपली.

सकाळी बॅगा खोलीत नव्हत्या.

साखळी तशीच लागलेली. उन्मेषने ती काढली, दार उघडलं.

कॉरिडॉरमध्ये... शेजारी शेजारी... हँडल वर.

तो पलंगाच्या कडेवर बसला. म्हणाला, “अबोली, ते घर नाहीये. तो आपल्या मागे आहे.”

ती दाराकडे गेली.

“आपण जाऊ या. तिकडे नाही, नागपूरलाच. कायमचे.”

तिने बॅगा आत घेतल्या. दात घासले. केस विंचरले. म्हणाली, “आज राजवाडा बघायचा होता. ऊठ.”

आणि राजवाडा बघितला त्यांनी. म्युझियम बघितलं. तिने फोटो काढले, मी पाहिलेत ते. प्रत्येक फोटोत तिची मान ताठ आहे, आणि उन्मेष मागे वळून बघतोय.

व्हेनिसला मात्र कहर झाला. छोटं गेस्टहाउस, दार थेट कालव्याकडे उघडणारं. पहाटे मालकीणबाई ओरडत वर आली. यांच्या बॅगा पाण्याच्या अगदी कडेला. एकीचं एक चाक हवेत, पाण्यावर. जरा वारा आला असता तर गेलीच असती.

अबोलीने ती धरली, ओढली, आणि तिथल्याच पुलाच्या पायरीवर मटकन बसली. उन्मेषला वाटलं, हरली ही. तो शेजारी बसला.

तेव्हा तिने त्याला पहिल्यांदा सांगितलं. ती सात वर्षांची असताना तिचे वडील गेले. तेरावा झाला, आणि त्याच संध्याकाळी काकांनी तिच्या आईची बॅग भरून जिन्यात आणून ठेवली. आई बोलली नाही. तिने बॅग उचलली, हिचा हात धरला आणि निघाली. रिक्षा मिळेपर्यंत ही त्या बॅगेवर बसून होती.

“आई काही बोलली का नाही, हे मला अजून कळलेलं नाही,” अबोली म्हणाली. “मी बोलणार आहे.”

“काय बोलणार?”

“ते घरी परतल्यावर. आधी इथली ती नाव. मला बसायचंय तिच्यात.”

आणि बसले ते नावेत. मांडीवर बॅगा घेऊन!

परत आली ती २०१० साली, नऊ जानेवारीला. शनिवार. एअरपोर्टवरून मीच त्यांना घरी सोडायला गेलो. वाटेत बर्फ सुरू झाला. साधा नाही, जाड, सरळ खाली येणारा. व्हिटबीला पोचेपर्यंत रस्ता दिसेनासा झाला. मी म्हटलं, आजची रात्र माझ्याकडे चला. अबोली म्हणाली, “काका, तुम्ही निघा, नाहीतर अडकाल. आमचं घर इथे आहे.” तिची ती ताठ मान मी बघितली. मी निघालो.

आता यापुढचं त्या दोघांनी सांगितलेलं. वेगवेगळं विचारलं मी दोघांना. शब्दाला शब्द जुळला.

बॅगा वर बेडरूममध्ये ठेवल्या. खाली येऊन तिने चहा टाकला. उन्मेष टेबलाशी बसला. हीटिंग चालू होतं, घर उबदार होतं. चहा उकळला.

वर बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला.

सावकाश. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

उन्मेषने कप खाली ठेवला.

मग जिन्यावर... धप.

थांबलं.

धप.

बॅग एकेक पायरी उतरत होती. मागून दुसरी. स्वयंपाकघराच्या दारातून जिन्याचा शेवट दिसतो. पहिली बॅग दिसली. मग दुसरी. चाकांवर, सरळ, शिस्तीत. हँडल वर. हँडल कुणी धरलं होतं ते...

कुणी दिसत नव्हतं.

पुढचं दार आपोआप उघडलं. बर्फ आत यायला लागला. बॅगा उंबऱ्यावरून पलीकडे गेल्या.

अबोली उठली. पायात नुसते मोजे. धावत गेली आणि एका बॅगेचं हँडल पकडलं. आत ओढलं.

बॅग हलली नाही.

दुसऱ्या बाजूने कुणीतरी धरलं होतं. ती म्हणते, ताकद फार नव्हती. पण सोडत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट असतो ना, तसा. आणि गार... कोपरापर्यंत हात बधिर झाला. दिवे एकदा मंद झाले. पुन्हा झाले. आणि तिच्या तोंडासमोर, अगदी एका श्वासावर, कुणीतरी म्हणालं,

“आउट.”

बस. एक शब्द.

उन्मेष स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. पाय उचलत नव्हते, तो सांगतो. मग त्याने तिचे मोजे बघितले. बर्फात भिजलेले, आणि तरी ती टाचा रोवून उभी. तो पुढे आला. तिच्या हातावर त्याने आपला हात ठेवला. दोघांनी ओढलं.

“आउट...”

आणि अबोली बोलली. जे काही तिच्या आईने बोलायचं राहिलं होतं ते सगळं निघालं. शुद्ध नागपुरीत.

“मी कायले जाऊ बे? घर माझं आहे! बायकोले हाकललं, पोराले हाकललं, अजून पोट नाही भरलं तुझं? मी नाही जात. आज नाही, उद्या नाही. व्हिएन्नाले ये, व्हेनिसले ये, कुठंबी ये, मी बॅग उचलून इथंच परत येईन. जायचं आहे ना कोणाले? तू जा ना बे! तू हो आउट!”



...

बॅग एकदम सुटली. दोघं मागे पडली, बॅग अंगावर. दुसरी पोर्चवर आडवी झाली. उन्मेषने पटकन जाऊन तीही ओढली.

मग अबोलीने दोन्ही बॅगा तिथेच, उघड्या दारासमोर रिकाम्या केल्या. एकेक वस्तू हातात घेऊन, मोठ्याने. “हा स्वेटर. वरच्या कपाटात जाईल. हे पुस्तक. टेबलावर जाईल. हा उन्मेषचा शर्ट. धुवायला जाईल.” उन्मेष वस्तू घेऊन जात होता, ठेवून येत होता. दार सताड उघडं होतं. बर्फ पायपुसण्यावर साचत होता. दोघांनीही दाराकडे पाहिलं नाही.

शेवटची वस्तू ठेवून झाली, तेव्हा दार लागलं. आपटलं नाही. एखादं माणूस बाहेर जाताना मागे ओढून घेतं, तसं हळूच.

त्या रात्री दोघं सोफ्यावरच झोपली. गाढ. सकाळी नऊला मला उन्मेषचा फोन, “काका, येता का? एक बघायचंय.”

बर्फ ढकलणारे प्लाऊ फिरून रस्ते मोकळे झाले होते. मी गेलो. ड्राइव्हवे बर्फाने भरलेला, माझी गाडी रस्त्यावरच. गुडघ्याच्या वर बर्फ. मी तुडवत तुडवत पोर्चपर्यंत गेलो. दोघं तिथे कोट घालून उभी होती. अबोलीने नुसतं बोट दाखवलं.

पोर्चच्या पायरीपासून एक वाट निघाली होती. एका माणसापुरती. अगदी जमिनीपर्यंत साफ, खालचं वाळलेलं गवत दिसत होतं. दोन्हीकडच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. रस्त्याकडे नव्हती ती जात. घराला वळसा घालून मागे, यार्डातून, कुंपणाच्या फाटकातून पलीकडे शेतात. मी आणि उन्मेष तिच्यातून चालत गेलो. शेताच्या मध्यावर ती संपली. तिथून पुढे कोरा बर्फ. पाऊल नाही, पाखराचंसुद्धा नाही.

मी परत वळलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी जागीच थांबलो. चाळीस हिवाळे मी या देशात फावड्याने बर्फ शोव्हल केलाय, पोरांनो. बर्फ उचलला की तो कुठेतरी टाकावा लागतो. कडेला ढीग होतो, कंबरेएवढा. मी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. पार घरापर्यंत बघत आलो.

ढीग नव्हता. एवढ्या लांब वाटेवरचा मणामणाचा बर्फ...

कुठेच नव्हता.